फक्कीने आखलेली वाट

बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजून हेमराज नानांना एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस शेजाऱ्याचा बांध कोरताना निदान इकडेतिकडे बघतो. वाट मात्र तो भरदिवसा, बैलांच्या साक्षीने नांगरतो. यंदा नांगराचं एक तास, पुढच्या वर्षी दोन, आणि पाचव्या वर्षी विचारलं तर म्हणतो, “वाट? कोणती वाट?” मोजणी खात्यातून निवृत्त झाले तरी नानांच्या डोक्यातून हे जात नव्हतं. जेवताना आठवलं की घास अडकायचा.

निवृत्तीनंतर नानांनी सायकल घेतली. साधी नाही. खडी-मुरमावर चालणारी, जाड टायरची, मेंढ्याच्या शिंगासारखं हँडल वळलेली. धुळ्यातली पोरं तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. “तेवढ्यात एक बैल आला असता,” असं पुष्पाबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, आणि बायकोच्या नात्याने रोज म्हणत राहिल्या.

शहरात सायकलवाल्यांचा एक गट होता. दातांच्या डॉक्टर कामिनीताई त्याच्या म्होरक्या. ही मंडळी दर रविवारी हायवेवर ट्रकांचा धूर खात फिरायची, आणि त्याला व्यायाम म्हणायची. नानांना ते बघवेना.

“अहो ताई, शहर संपतं तिथून नरडाण्याच्या अंगाला पंचवीस किलोमीटर नुसती गाडवाट आहे. डांबराचा थेंब नाही. नकाशात आहे.”

“नाना, नकाशात आहे. जमिनीवर आहे का?”

डॉक्टरीणबाईंनी नेमका दुखरा दात धरला. वाट होती, पण पिंपळझोडच्या शिवारात भाईदासने ती नांगरून नांगरून पाऊलवाटेएवढी केली होती. सायकल जाईल, बैलगाडी जाणार नाही. आणि त्याच्या पलीकडे भागाबाईचं तीन बिघे वावर. आठ वर्षं ही म्हातारी कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन बांधाबांधाने येत होती. तिने चार अर्ज केले. चारही वेळा नानांनीच मोजणी केली, वाट नकाशावर दाखवली, सही-शिक्क्यानिशी अहवाल दिला. अहवाल कचेरीत गेले आणि तिथेच म्हातारे झाले. नाना निवृत्त झाले त्या दिवशी भागाबाई हार घेऊन आली होती. तो हार नानांना अजून काचतो.

म्हणून त्यांना ही सायकलींची फेरी हवी होती. दर महिन्याला चाळीस सायकली गेल्या तर वाट चालती राहील, आणि चालती वाट नांगरायला भाईदासचाही हात अडेल, एवढाच हिशेब. पहिली फेरी फाल्गुनातल्या एका रविवारी ठरली. जळगावहूनही दहा जण येणार होते.

त्याआधीच्या सोमवारी नाना खुणा करायला निघाले, आणि इथेच माती खाल्ली. दुसरा कोणी असता तर चार झाडांना कागदी बाण चिकटवून आला असता. नानांच्या हाताला बत्तीस वर्षांची सवय. त्यांनी वाटेच्या दोन्ही कडांना, नकाशातल्या पुऱ्या रुंदीने, चुन्याची पांढरी फक्की मारली. वळणावळणावर दगडांची रास केली. राशीत काठी रोवून तिला लाल चिंधी बांधली. काम इतकं देखणं झालं की त्यांनी मोबाइलवर फोटो काढला.

बुधवारी बघायला गेले तर पिंपळझोडच्या शिवारात वाटच नव्हती. फक्कीच्या दोन रेघांच्या मधोमध लिंबाची रोपं लावलेली, हातहात अंतरावर, पाणी घालून. पुढे चार पत्रे उभे करून दोन शेळ्या कोंबलेल्या, वर पाटी: ‘शेळीपालन केंद्र’. त्याच्याही पुढे कोणीतरी विहिरीचा खड्डा घेतलेला. पाऊलवाटसुद्धा गेली. आता सायकल काय, कुत्रं जायला जागा नव्हती.

नाना ओरडले, “हे काय लावलं शे रे?”

भाईदास धावत आला, हातात चहाचा ग्लास. आठ वर्षांत पहिल्यांदाच.

“नाना, या, बसा. रेल्वे शे का एमआयडीसीनी सडक?”

तेव्हा नानांच्या डोक्यात उजेड पडला. या भागात फक्की आणि लाल चिंधी दिसली की लोक समजतात जमीन जाणार. आणि जमीन जाणार म्हटलं की आदल्या दिवशी ओसाड असलेल्या तुकड्यावर फळबाग उगवते. झाडाचा मोबदला वेगळा, विहिरीचा वेगळा, शेडचा वेगळा. हे सगळं नानांना ठाऊक होतं, अशा बागा त्यांनी डझनाने मोजल्या होत्या. तरी आपल्याच हाताने फक्की मारताना अक्कल चरायला गेली होती.

“अरे भाऊ, ही सायकलनी वाट शे! रविवारी डॉक्टर लोक सायकलवर येणार शेतस!”

“हाऊ नाना, सायकलनी.” भाईदासने डोळा मारला. “आम्हले बठ्ठं समजस. तुम्हले सांगता येत नही.”

“मी रिटायर व्हयना!”

“तेच ना. अशा कामले रिटायर मान्सेच धाडतस.”

नाना जितके ओरडले तितकी गावाची खात्री पटत गेली. एकजण तर घरी जाऊन सातबारा घेऊन आला.

घरी येऊन त्यांनी टोपी आपटली. “मी कामिनीताईंना काय सांगू? आणि त्या भागाबाईला? होती ती पाऊलवाटही मी घालवली!”

पुष्पाबाई भाकरी थापत म्हणाल्या, “बत्तीस वर्षं खरं लिहिलं. वाचलं कोणी?”

नाना त्या रात्री जेवले नाहीत. गुरुवारी सकाळी जुना नकाशा काखोटीला मारून पिंपळझोडच्या पारावर गेले. खोटं बोलायचं नाही असं स्वतःला बजावून गेले होते, आणि बोललेही नाहीत.

“ऐका! ही वाट नकाशात सरकारी शे. वाटवर लावेल झाडनं एक पानबी मोबदलाले धरतस नही. शेड नही, विहीर नही. उलटी अतिक्रमणनी नोटीस येस. पटत नसेल तर कचेरीत विचारा!”

सगळं कायद्यातलं, अक्षरन् अक्षर खरं. असंच चार अहवालांत लिहिलं होतं. भाईदासने ग्लास खाली ठेवला.

शनिवारी नाना गेले तर रोपं नव्हती. शेळ्या घरी गेल्या होत्या, खड्डा बुजला होता. एवढंच नाही, नोटिशीपायी आपल्या वावराचा मोबदला अडकू नये म्हणून भाईदासने आठ वर्षांची नांगरट मोडून, दगड उचलून, वर ट्रॅक्टरने मुरूम टाकून वाट फक्कीच्या रेघेपर्यंत चोख मोकळी केली होती. एवढी रुंद वाट नानांनी नोकरीत कधी पाहिली नव्हती. आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. चार अहवाल, चार शिक्के, आठ वर्षं! आणि काम केलं कोणी, तर एका गोणी फक्कीने. त्यांनी वाटेतल्या एका निरपराध ढेकळाला लाथ मारली. ढेकूळ निघालं दगड.

रविवारची फेरी झोकात झाली. नाना लंगडत पायडल मारत होते. पिंपळझोडकरांनी चाळीस जणांना चहा दिला, कामिनीताईंना नारळ दिला आणि सातबाऱ्याच्या पाच झेरॉक्स दिल्या. “ही प्रथा आहे का?” त्यांनी हळूच विचारलं. नानांनी दात खाल्ले.

सगळे पुढे गेल्यावर नाना मागे थांबले. आता गावाला स्पष्ट सांगायचं, रेल्वे नाही, सडक नाही, काही नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात समोरून बैलगाडी आली. कापसाच्या पऱ्हाट्यांनी भरलेली, वर भागाबाई, कासरा हातात. वाटेच्या मधोमध ती राणीसारखी येत होती. बाजूला व्हायचं तिच्या मनातही आलं नाही. नानांनाच सायकल उचलून कडेला व्हावं लागलं.

तिने बैल थांबवले.

“नाना, आठ वर्सनंतर गाडी वावरमा गई.” मग जरा घाबरत तिने विचारलं, “ही वाट कितला दिन राही?”

भाईदास मागे उभा होता, कान टवकारून. नानांच्या जिभेवर सगळं खरं तयार होतं. त्यांनी भाईदासकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि पायाजवळच्या रेघेकडे बघितलं. बैलांच्या खुरांनी ती पुसट झाली होती.

“मोजणी चालू शे,” नाना म्हणाले.

बत्तीस वर्षांत न बोललेलं खोटं ते असं एका दमात बोलून गेले, आणि भाईदास दोन पावलं मागे सरकला.

दुसऱ्या दिवशी नाना सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि त्या महागड्या सायकलला मागे कॅरिअर बसवून मागितलं. दुकानदार हसला. “नाना, या सायकलला कॅरिअर लावत नाहीत.”

“लाव,” नाना खेकसले. “दर महिन्याला फक्कीची गोणी न्यायची आहे.”