साठ मैलांची पंगत

चहा आधी खाली ठेवा. ठेवा म्हणतो न! ऐकताना हसू फुटलं तर अंगावर सांडल, अन् मग मलेच बोलाल. आपली फजिती मी सहसा कोणाले सांगत नाही, पण आज तुमीच मोटारीचा विषय काढला, तर आता ऐकाच.

वकिलीची सनद नवीन होती तवाची गोष्ट. अमरावतीत एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली मी काम करत होतो. त्यांनी नवी मोटार घेतली अन् जुनी मले वापराले देली. तिचा भोंगा शेळीवानी ओरडे, पण होती तर मोटार! आमच्या गल्लीत दुसऱ्या कोणाजवळ होती काय? माझं डोकं फिराले तेवढं पुरे झालं.

त्यातच माझं लग्न जमून राहिलं होतं. मुलगी अकोल्याची, जठारपेठेतली. सुमन तिचं नाव. वडील गणिताचे मास्तर. पाहणं झालं, पसंती झाली, साक्षगंध, साखरपुडा म्हणा न, तेवढं बाकी होतं. अन् मी काय शक्कल काढली? म्हटलं, एखाद्या सकाळी अकोल्याले जावं अन् सुमनच्या घरासमोरून मोटार अशी जोरात काढावी, की तिनं पाहतच राहावं!

काढली न बापा! सुमन होती गच्चीवर. मी पाय दाबला. भोंगा ओरडला, कोंबड्या उडाल्या, अन् असा धुरळा उठला की ओट्यावर बसलेल्या मास्तरांच्या चहात साय येऊन बसली, तीही मातीची. धुरळा बसला तवा गच्चीवर सुमन नव्हती. माझ्यासमोर मात्र हात आडवा करून हवालदार उभा होता.

"काहून जी, आगगाडी समजून राहिले काय इले? वस्तीतून तीस मैलानं?"

झालं! खटला उभा राहिला. दंडाचं मले काही वाटलं नाही, पण मास्तरांचा निरोप आला. "मले धुरळ्यात काही दिसलं नाही. वेग किती ते कोर्ट ठरवेल. निर्दोष सुटले तर साक्षगंध, नाही तर असल्या बेफाम माणसाच्या हवाली मी पोरगी करणार नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सुमन हातची जाणार? अन् कायच्यानं, तर तिलेच दाखवाले काढलेल्या मोटारीनं?

मग मी पुस्तकं काढली. विलायतेचे कायदे, फ्रान्सचे कायदे, अमेरिकेचे कायदे! आपण स्वतः भुसावळच्या पुढं पाय टाकला नव्हता, पण बसल्या जागी सारे देश पालथे घातले. त्यातून असा मुद्दा काढला, असा मुद्दा काढला, की मीच माझ्या मांडीवर थाप मारली.

तारीख लागली अकोल्याले. कोर्ट भरून गेलं होतं. समोरच्या बाकावर मास्तर, मांडीवर छत्री आडवी. हवालदार कोपऱ्यात मिशी सारखी करून राहिला होता. माझा खटला मीच चालवून राहिलो होतो. दुसऱ्या कोणाच्या हाती सुमनले कसं देणार?

"साहेब," मी सुरू केलं, "विलायतेत एके काळी मोटारीच्या पुढं लाल झेंडी घेऊन माणूस चालायचा. तो कायदा गेला. मग शिपाई झुडपामागं घड्याळ घेऊन बसू लागले. दोन खुणांमधलं अंतर घ्यायचं, लागलेला वेळ घ्यायचा आणि भागाकार करायचा. नुसत्या एका शिपायाच्या डोळ्यांवर तिथं कोणाला दोषी धरत नाहीत. फ्रान्समध्ये गावागावाचा नियम वेगळा, अमेरिकेत प्रांताप्रांताचा वेगळा—"

"आणि आपल्या वऱ्हाडात?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं.

"वऱ्हाड कागदावर निजामाचं, कारभार इंग्रजांचा आणि हुकूम नागपूरचा. पण साहेब, भागाकार सगळीकडं एकच असतो!"

मास्तरांनी मान डोलावली. तुमाले सांगतो, मले तिथंच सनई ऐकू आली!

मग मी हिशेब मांडला. अमरावतीहून आठले निघालो, हे आमच्या मोठ्या वकिलांनी पाहिलं. अकोल्यात अकराले पकडलो, हे हवालदारच सांगून राहिला. अंतर साठ मैल, तास तीन. म्हणजे ताशी वीस! जी मोटार मोकळ्या सडकेवर वीसनं चालते, ती वस्तीत तीसनं कुठून पळेल?

"वाटेत थांबला नव्हता कशावरून?" सरकारी वकिलानं विचारलं.

त्याचीही तयारी होती. मूर्तिजापूरचे माझे बापूमामा! त्यांचं घर अगदी सडकेवर. त्या दिवशी ते दारात उभे होते अन् मी मोटारीतूनच हात हालवून पुढं गेलो होतो. तेवढंच त्यांनी सांगायचं होतं. "हात्तिच्या! त्यात काय हाय?" म्हणून मामा नवा लाल फेटा बांधून आले होते.

मामा पिंजऱ्यात चढले. शपथ घेतली. मग त्यांची नजर गेली समोरच्या बाकावर. "राम राम व्याही!" त्यांनी तिथूनच हात जोडले.

सरकारी वकील मोठा बेरकी माणूस. अगदी गोड आवाजात म्हणाला, "बापूसाहेब, सख्ख्या बहिणीचा पोरगा दारावरून गेला, अन् तुमच्या घरून उपाशी गेला?"

आता तुमी वऱ्हाडातले आहात, तुमाले काय समजावू? पाव्हणा दारावरून उपाशी गेला, हे चारचौघांत कबूल करायचं? अन् तेही होणाऱ्या व्याह्याच्या तोंडावर? मामाचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला.

"कोन म्हनते?" मामा गरजले. "आमच्या घरून आजवर कोनी उपाशी गेला हाय काय? जेवला न तो! पुरनपोळी खाऊन गेला!"

मी मामाले डोळ्यानं खुणावून राहिलो, पण मामा माझ्याकडं पाहतच नव्हते.

"सकाळच्या पारी पुरणपोळी?" वकिलानं विचारलं.

"पाव्हना आला का आमी घड्याळ नाही पाहत! घंटाभर पंगत चालली, घंटाभर!"

बाकावर मास्तर पुटपुटले, "तीनातून एक गेला, दोन. साठ भागिले दोन..." अन् एकदम मोठ्यानं, "तीस!"

हवालदाराची मिशी वर गेली.

मी उठून उभा राहिलो. "मामा, जरा नीट आठवा. मी मोटारीतून उतरलोच नव्हतो."

हे म्हणालो अन् घात झाला.

"म्हंजे मी तुले उपाशी धाडलं?" मामाचा आवाज चिरकला. "व्याही इथं बसून राहिले, अन् तू माह्या घराची इज्जत काढून राहिला? मंग जेवल्यावर माह्या गादीवर घंटाभर घोरला तो कोन होता रे?"

"साठ!" मास्तर उभेच राहिले. छत्री पडली खाली.

"शांतता!" साहेबांनी टेबल ठोकलं. पण त्यांचं बोटही टेबलावर भागाकार करूनच राहिलं होतं. "वकीलसाहेब, पद्धत तुमचीच आहे. ताशी साठ मैल!"

"अन् घोरून उठल्यावर मामीनं शेवयाची खीर—"

"मामा, पाया पडतो! आता नका वाढू!"

खरं सांगतो, अजून एक पंगत बसली असती, तर अमरावतीहून निघायच्या आधीच मी अकोल्याले पोचलो असतो.

साहेबांनी चष्मा काढला. आता कोर्टात कोणी हसून राहिलं नव्हतं. "हे पाहा. साक्षीदार शपथेवर खोटं बोलला असं तुमचं म्हणणं असेल, तर तुमचा पहिला हिशेब मी मान्य करतो. तुम्ही सुटाल, पण त्यांच्यावर खटला होईल. आणि ते खरं बोलत असतील, तर वेग साठ. बोला, काय म्हणता?"

एका बाजूले मामा, फेट्याच्या शेवटानं घाम पुसून राहिलेले. आता त्यांचंही धाबं दणाणलं होतं, पण जेवण मागं घ्याले माणूस तयार नव्हता! दुसऱ्या बाजूले मास्तर. त्यांच्यामागं, कोर्टात नसली तरी मले तर दिसूनच राहिली होती, सुमन. काय बोलू?

"साहेब," मी म्हटलं, "मामांच्या घरून कोणी उपाशी जात नाही. पण... या हवालदाराची नजर फार चांगली आहे. तीसच धरा!"

कोर्ट असं हसलं, की बाहेरचे टांगेवाले आत डोकावले. दंड झाला. माझा विलायतेचा, फ्रान्सचा, अमेरिकेचा कायदा एका पुरणपोळीत बुडाला. सुमन गेली म्हणून मी मान खाली घालून बाहेर आलो, तर पायरीवर मास्तर उभे.

"मामाले खोटं पाडून सुटले असते, तर मी तुमचं तोंड पाहिलं नसतं," ते म्हणाले. "पोरगी दिली."

मी मोठ्या मनाच्या माणसासारखं हसलो. आता तुमच्यापासून काय लपवू? मोठं मन वगैरे काही नव्हतं हो! मामाले खोटं पाडून आईसमोर घरी जायची माझी छाती नव्हती.

"पण एक अट," मास्तर म्हणाले. "लग्नाले मोटार आणाच. पुढं मात्र लाल झेंडी घेऊन माणूस चालला पाहिजे. कायदा तुमीच सांगतला."

अन् बापहो, तसंच झालं! जठारपेठेतून नवरदेव मोटारीत, अन् पुढं झेंडी घेऊन कोण? बापूमामा! ओळखीचा माणूस दिसला की मामा थांबत, "जेवल्याबिगर जाऊ नका जी" म्हणत, अन् मागं माझी मोटार, वाजंत्री, सारी वरात थांबे. कोंबड्या आमच्या पुढं चालून गेल्या.

कोपऱ्यावर कोण उभा असावा? तोच हवालदार! घामाघूम होऊन धावत आला अन् मोटारीच्या दारावर थाप मारली.

"ओ वकीलसाहेब! काहून रांगून राहिले जी? तिकडं मुहूर्त चालला, इकडं सडक जाम झाली! दाबा न जरा पाय! का आता हळू चालवल्याचा खटला भरू?"

मी मांडवाकडं पाह्यलं. मांडवाच्या दारात मास्तर उभे होते, हातात घड्याळ धरून, ओठातल्या ओठात भागाकार करत. मी पाय उचलून सीटवर घेतला अन् मांडी घालून बसलो. बाकीचं अंतर वऱ्हाड्यांनी मोटार ढकलत नेली.