तुळसाकाकीची भूक

तुळसाकाकीला खादाड म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. त्यात तिचा सख्खा मुलगाही आला.

काकी माझी शेजारीण, माहेर देवरूखकडचं. नवरा लवकर गेला. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरून तिने संदेशला वाढवलं. तो आता मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात आहे. काकीची साठी उलटली, मधुमेह आला आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, साखर उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. काकीने त्याच दिवशी चहा सोडला. गेल्या गणपतीत मोदकाला शिवली नाही. भातही बेताचा. तरी साखर उतरेना, आणि ऑपरेशन पुढेच जात राहिलं. उजव्या डोळ्यानेही तिला अंधुक दिसू लागलं होतं.

आणि तिची भूक! जेवून उठली की थोड्या वेळाने हात पुन्हा डब्याकडे. कधी चपाती, कधी सकाळचा भात. सुनेने, वैष्णवीने, डबे वरच्या फळीवर ठेवले. संदेश पाहुण्यांसमोर आईकडे बघून हसत म्हणायचा, "आमच्या आवशीची जीभ सुटलीय." जिने स्वतः अर्धपोटी राहून याला पोटभर घातलं, तिने चपाती घेतली की ती चोरी ठरते. मला हे ऐकवत नसे.

मे महिन्यात एकदा दुपारी तिच्याकडे गेले. घरापुढच्या खळ्यात बरण्या उन्हाला लावलेल्या. काकी रातांब्याच्या, म्हणजे ताज्या कोकमफळांच्या, वाट्यांत साखर भरत होती, डोळ्यांपेक्षा बोटांनीच. मला सरबत दिलं आणि स्वतःलाही ग्लासभर ओतून घेतलं.

"काकी, हे रोज घेतेस?"

"मंग? पित्त खवळतं माजं. चाय सोडली तेव्हापासनं ह्याचाच आधार. उठल्याव, जेवल्याव, तहान लागली की घेते. औषदच हाय ते."

मी कपाळाला हात लावला. चहातल्या चमचाभर साखरेवर अख्ख्या घराची नजर, आणि हा नुसता पाक येता-जाता पोटात जात होता. घरचं कोकम म्हणजे पित्तावरचा उतारा, त्याला आमच्याकडे कुणी गोडात धरतच नाही. बाटल्यांवर 'आरोग्यदायी' छापून हाच पाक विकणाऱ्यांना तरी थोडी लाज हवी.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिथेच बसून तिला समजावलं. गोड घोट गेला की मेंदूत डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. ते वारंवार मिळालं की मेंदू त्याची वाटच बघायला लागतो. चावून खाल्लेल्या अन्नाने भूक लावणारं घ्रेलिन उतरतं, पण प्यायलेल्या साखरेची शरीर तेवढी दखल घेत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं तर 'पुरे' म्हणणाऱ्या लेप्टिनचं मेंदू नीट ऐकेनासा होतो. माणूस जेवलेला असतो, तरी त्याला भूक लागते.

काकीचा हात साखरेतच थांबला. डोळ्याचं तिने काहीच विचारलं नाही.

"म्हंजे माजी भूक खरी व्हती?"

"खरी होती, काकी."

तिने पदराने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिली.

त्यानंतर ती आगळाचं, म्हणजे कोकमाच्या बिनसाखरेच्या रसाचं, पाणी घ्यायला लागली. पहिले काही दिवस फार चिडचिड झाली. मग भूक निवत गेली, श्रावणात साखरही आटोक्यात आली आणि डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला. आदल्या संध्याकाळी मी भेटायला गेले तेव्हा संदेश घरी होता. मी त्याला सगळं ऐकवलं, अजिबात हातचं न राखता. तो ओशाळला. मग आईकडे वळून म्हणाला, "आये, एवढी भूक लागत व्हती तर सांगायचंस ना."

काकी म्हणाली, "सांगितलं व्हतं. तू पावन्यांना सांगून हसलास."