मेळघाटात केव्हा जावे

माझ्यासारख्याने आठवणी लिहाव्यात हे धारिष्ट्यच आहे, त्याबद्दल माफी असावी. अमरावतीच्या कॉलेजात शिकणारा मी आमच्या घरातला पहिलाच. निवृत्त होण्याआधी एकदा तरी वाघ पाहावा, अशी आमच्या सरांची इच्छा होती. माझे गाव मेळघाटाला लागून, म्हणून सहलीचा महिना त्यांनी मलाच विचारला.

मी बाबांना फोन केला. ते तिथे गुरे राखतात. म्हणाले, "वाघ पाहाचा असन तं मे महिन्यात या. नाले आटले का तो पानवठ्यावर येतेच."

वर्गात मी नुसते 'मे' म्हणालो, तर एकजण ओरडला, "वाघ पाह्याले जाचं का उन्हात भाजून घ्याले?" सगळे हसले. गुराखी बाबांचे नाव सांगायची मला लाज वाटली. मोबाइलवर वाचल्याचे सांगत मी डिसेंबर म्हणून टाकले. डिसेंबरात सहल गेली, तेव्हा गवत माणसाएवढे होते. सरांना वाघ दिसला नाही.

मे महिन्यात बाबांचा फोन आला. "तुह्ये सर घरी आलते. म्या सांगतलेल्या पानवठ्यावर वाघ दिसला त्याइले. मले म्हणे, पोराले हे आंदी कावून नाही सांगतलं? म्या म्हटलं, माह्याच ध्यानात नाही राह्यलं."