सुमनमावशींचा उलटा हात

रेखाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका जुन्या रेशमी झग्याची बाही उलट्या हातानं चाचपून बघत होते. "ताई, आई गेली. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकली, ती टेकलीच..." एवढंच ती बोलू शकली. सुमनमावशी चार दिवसांसाठी चकलांब्याला, लेकीकडे गेल्या होत्या. पाठ दुखतेय म्हणाल्या होत्या, आणि मी नेहमीसारखं "येताना बोरं आणा" म्हणून त्यांना गाडीत बसवून दिलं होतं. झगा त्यांनीच दुरुस्तीला घेतलेला. महिना होत आला, तो अजून तिथंच टांगलेला आहे.

बीडमध्ये माझा धंदा काय आहे हे लोकांना अजूनही नीटसं कळत नाही. मोठ्या घरांतल्या कपाटांत पडून राहिलेले नामवंत डिझायनरांचे कपडे मी घेते, ते कुणी आणि कधी शिवले ते शोधून काढते, दुरुस्त करते आणि शौकिनांना विकते. मावशी पहिल्यांदा आल्या त्या काजं-बटणं करायला. ऊसतोडीनं पाठ कामातून गेली तेव्हा त्या उतारवयात शिलाई शिकल्या होत्या. उसाच्या पाचटानं चिरून चिरून तळहात खरबरीत झालेले. मी पुण्याहून नुकतीच कोर्स करून आलेले, नाक जरा वरच होतं. त्यांनी टेबलावरच्या रेशमाकडे हात नेला आणि मी दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "मावशी, त्या हातांनी रेशमाला हात लावू नका. धागे ओढले जातील." त्यांनी एकदा स्वतःच्या तळहातांकडे बघितलं, मग हात उलटा केला आणि बोटांची पाठ कापडावरून अलगद फिरवली. तेव्हापासून त्यांनी माझ्या दुकानात रेशीम कधी सुलट्या हातानं चाचपलं नाही.

सांगायची लाज वाटते, पण पुढं त्या उलट्या हातावरच माझं दुकान चाललं. कुठं कापड विरलंय, कुठं रफू झालंय, कुठं नंतर जोड दिलाय, हे त्यांना डोळे मिटून कळायचं. बघून बघून मलाही तीच सवय लागली. गिऱ्हाइकांना मी मोठ्या कौतुकानं सांगायचे, "ही आमच्या मावशींची खास पद्धत." मावशी शेजारीच मान खाली घालून सुई चालवत असायच्या. आज माफी मागावी, असं मला कितीदा वाटलं... पण प्रत्येक वेळी काहीतरी काम निघायचं. टाळायचं असलं की कामं निघतातच.

हा डाळिंबी झगा लिंबागणेशजवळच्या एका बागायतदाराच्या घरातून आला. "सासूबाईंचा हाय, लग्नात एकदाच घातला," असं सूनबाईंनी सांगितलं. मानेमागचं लेबल कुणीतरी कापून टाकलेलं. मी तो बिननावाचाच विकायला काढणार होते. मावशींनी अस्तरावरून उलटा हात फिरवला आणि कमरेपाशी थांबल्या. "ताई, हितं काय तरी जाड हाय." अस्तर उसवलं तर आत बोटाएवढी विणलेली पट्टी निघाली. तिच्यावर मुंबईच्या एका गाजलेल्या डिझायनरचं नाव होतं आणि खाली शाईनं लिहिलेलं सासूबाईंचं. मग मावशींनी शिवणीतला दोरा काडीनं पेटवून बघितला. त्याची गोळी झाली नाही, राख झाली, म्हणजे दोरा सुती. चेनही प्लास्टिकची नव्हे, धातूची; दोन्ही जुन्या काळच्या खुणा. जुन्या मासिकांतल्या फोटोंशी ताडून बघितल्यावर माझी खात्री पटली, हा त्या डिझायनरच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला झगा आहे. मी आनंदानं नाचायची बाकी होते. मावशींचं लक्ष मात्र कमरेच्या शिवणीकडे होतं. तिथं एक गडद पट्टी दिसत होती, आधी कित्येक वर्षं आत दुमडून राहिलेल्या, ऊन न बघितलेल्या कापडाची. "एकदाच घातला म्हंते ती कावून? सैल केलाय की ह्यो. बाई अंगानं भरली तरी घालत हुती. लई जीव हुता तिचा ह्याच्यावर." कापडावरून माणूस ओळखणाऱ्या या बाईला माझ्या मनातलं कळत नसेल, असं मी इतकी वर्षं कसं समजून चालले कोण जाणे. कसरीनं खाल्लेली भोकं त्या झग्याच्याच दुमडीतले धागे काढून त्या भरत होत्या. उजवी बाही झाली. डावी अर्धी झाली.

तेराव्यानंतर रेखा त्यांचं सामान न्यायला आली. चष्मा, अंगुस्तान, सुयांची डबी. निघताना तिनं टांगलेल्या झग्यावरून उलटा हात फिरवला. मी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"आईनं. ती समद्या गावाला सांगायची, कापड उलट्या हातानं वळखायचं ताईनं शिकवलं मला. पैल्याच दिवशी."

मी चहा ठेवायचं निमित्त करून आत गेले. स्टोव्हपाशी उभी राहून रडले आणि बाहेर येऊनही तिला खरं सांगू शकले नाही. चारचौघांत बोललेलं चारचौघांतच परत घ्यायला हवं, म्हणून इथं लिहिते. मावशी, मी तुम्हाला काहीही शिकवलं नव्हतं. मी तुमचा अपमान केला होता.

झगा मी अजून विकायला काढलेला नाही. डाव्या बाहीत तीन भोकं राहिली आहेत आणि मावशींची सुई धाग्यासकट तिथंच टोचलेली आहे. रेखा सोमवारपासून माझ्या दुकानात कामावर येणार आहे. ती आतापर्यंत ऊसतोडीला जायची, तिचेही तळहात तसेच आहेत. हा लेख तिला आधी वाचून दाखवणार आहे. मग, तिची इच्छा असली तर, तो झगा तिच्या हातात देणार आहे, सुलट्या हातात.