माहेरावर दावा

धुळ्याला आईचे डोळे दाखवून आम्ही अमळनेरला परतत होतो. एका फाट्यावर ट्रॅक्टर वळला आणि त्याच्या ट्रॉलीचा कोपरा आमच्या गाडीच्या मागच्या दाराला घासत गेला. आई त्याच दाराशी बसलेली. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण दार चेपलं आणि माझं डोकं फिरलं. गाडी दोनच महिन्यांची होती.

मी तोंडाचा पट्टा सुरू करूनच उतरलो. ट्रॅक्टरवरच्या साठीतल्या माणसाने टोपी नीट केली आणि म्हणाला, "चूक मनी शे, भाऊ." इतकी सरळ कबुली आली की भांडणातली मजाच गेली. तरी मी विमा कंपनीला फोन लावलाच. नुकसानभरपाई त्याच्याकडून मागायची तर कबुली लिहून घ्या, पोलिसांत तक्रार द्या, असं पलीकडून सांगितलं. मी वहीचं पान फाडून दिलं. त्याने बॉनेटवर ठेवून सावकाश लिहिलं. खाली नाव, गाव, सही.

आईने खिडकीतून हात पुढे केला. डोळ्यांत औषध घातलेलं, तिला वाचता येईना. म्हणून गावाचं नाव मीच वाचून दाखवलं आणि वाचता वाचता थबकलो. साक्रीकडचं ते लहानसं गाव आईचं माहेर होतं.

मामा गेल्यापासून तिकडून कोणी आलं नव्हतं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, त्यांना न्यायला मुराळी येतो. दुसऱ्यांच्या दारात मुराळी दिसला की आई त्या दिवशी उगाच जास्तीची कामं काढायची. हे मला ठाऊक होतं. मी काहीच केलं नव्हतं.

"कोना पोर्‍या शेस तू?" आईने विचारलं. त्याने बापाचं नाव सांगितलं, ट्रॅक्टर घेऊन इकडे कामाला आलोय म्हणाला. मग दोघं गावातल्या विहिरीवर, मारुतीच्या पारावर जे बोलत बसले, ते मागचे हॉर्न वाजवून थकले तरी संपेना. शेवटी त्याने आमच्या घराचा पत्ता विचारून घेतला आणि वाकून तिच्या पाया पडला. "अक्का, यंदा आखाजीले लेवाले येसू."

"उद्याच तक्रार देतो," मी गाडीत म्हणालो.

"मन्हा भाऊवर दावा लावस का तू?"

कबुलीचा कागद घरी देव्हाऱ्यात गेला. मी दोनदा मागितला, तिने ऐकलं नाही. मग मीही हट्टाने दार तसंच ठेवलं.

न्यायला येतो वगैरे रस्त्यावरचं बोलणं रस्त्यावरच राहतं, हे मी तिला महिनाभर बजावलं. आखाजीच्या सकाळी ती पिशवी भरून ओट्यावर बसली. अकरा वाजले, बारा वाजले. तिचं ते रस्त्याकडे बघणं मला सोसेना. आपणच न्यावं म्हणून मी किल्ली घेतली, तर समोरून तो घामाघूम येताना दिसला. हातात आंब्यांची पिशवी.

"यष्टी चुकनी, अक्का."

आई उठली ती थेट देव्हाऱ्याकडे गेली. कागद आणून तिने माझ्या हातात ठेवला. "घे. आते माले नको."

कागदावाचून विमावाल्यांनी माझी मागणी केव्हाच बंद केली होती. तो कागद मी परत देवाजवळ ठेवला आणि म्हणालो, चला, मी सोडतो दोघांना.

चेपलेलं दार बाहेरून जोर लावून ओढावं लागतं. ते त्याने ओढलं, आणि आई माहेरी निघाली.