फुटाळ्याच्या काठी घेतलेलं नाव

धाकटी बहीण आली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिनं फाटकातून हाक मारली, "बाई." मी आतच थांबले. तिसऱ्या हाकेला ओ दिली आणि दार उघडलं. आमच्या गावात तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. बोलावणारा जिवंत आहे की मेलेला, सांगता येत नाही. नागपुरात हुडकेश्वरला येऊन इतकी वर्षं झाली, पण माझी ती सवय गेली नाही.

चहा व्हायच्या आतच ती म्हणाली, "मले नागपूर दाखव."

ती कशासाठी आली ते मला माहीत होतं. तिचा नवरा आमच्याच गावचा. इथंच नागपुरात, मिहानकडं बांधकामावर होता. रविवारी फोन करायचा आणि काय खाल्लं, काय पाहिलं ते तिला सांगायचा. मग फोन बंद पडला. ठेकेदार म्हणाला, काम सोडून गेला. पोलिसांत कळवूनही काही हाती लागलं नाही. त्याला आता काही वर्षं झाली. सासरच्यांनी ठरवलं होतं की तो मेला असं समजून येत्या सर्वपित्रीला पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि हिचं कुंकू पुसायचं.

"फोनवर सांगितलेल्या जागी जाऊ," ती म्हणाली. "कोणी तरी पाह्यलं असन."

मी स्वतः कधी बाहेर बसून खाल्लेलं नव्हतं. लोकांसमोर घास उचलायचा म्हटलं की माझा हात थरथरतो. पण तिला एकटीला कसं सोडायचं?

सकाळी आम्ही बर्डीच्या बाजारात गाडीवर पोहे खाल्ले. वरून हरभऱ्याची लालभडक तर्री. तिनं गाडीवाल्याला विचारलं, "आमच्या घरचे येतात का इथं?" नवऱ्याचं नाव तिनं आजवर घेतलं नव्हतं. पोलिसांतही दिरानं सांगितलं होतं. मीही त्याला जावईच म्हणायचे.

गाडीवाल्यानं मान वर केली नाही. "आत्ताच गेले ना. पाणी पिऊन."

स्टीलचा एक ग्लास बाकावर होता. अजून ओला.

"त्याले काय माहीत वं, तुझे घरचे कोण ते," मी तिला बाजूला घेऊन म्हटलं. "गिऱ्हाईक आहे तर काहीही सांगून राहिला."

"मग त्यानं कोण म्हणून काहून नाही विचारलं?"



झिरो माईलच्या खांबापाशी दगडी घोडे आहेत. फोनवर तो म्हणायचा, त्यातला एक आपल्याकडंच पाहतो. आम्ही भोवती फिरलो. झाडणारा माणूस खराट्यावर रेलून आमच्याकडे पाहत होता. आम्ही काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाला, "मघाशी एक जण असाच फिरून गेला. तुमच्यातलाच का?"

दुपारी सावजीच्या खानावळीत गेलो. रश्श्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती भाकरीवर भाकरी मागत होती. तो गेल्यापासून तिला असं जेवताना मी पाहिलं नव्हतं. वाढणाऱ्यानं तिसरं ताट मांडलं.

"आम्ही दोघीच आहोत," मी कसंबसं म्हटलं.

"हात धुवायले गेले ना भाऊ," तो म्हणाला.

मोरी मागच्या बाजूला होती. आम्ही जेवण संपेपर्यंत तिकडं पाहत राहिलो. नळ वाहत होता. मग तो बंद झाला. बाहेर कोणी आलं नाही.

बहीण हसली. "पाहा, मी म्हटलं नव्हतं?" त्या हसण्याचीच मला भीती वाटली.

फुटाळा तलावावर पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती, पाणी काळं पडत चाललं होतं. कणीस भाजणाऱ्या बाईला तिनं तेच विचारलं. बाईनं पंख्यानं काठाकडं दाखवलं. "ते काय, बसले तिकडं."

काठावर ओळीनं माणसं पाठमोरी बसली होती. सगळ्या पाठी सारख्याच दिसत होत्या.

"कोणाले हात लावून पाहशीन?" मी म्हटलं. "नाव घे. तुह्या तोंडून एकदा नाव तर निघू दे."

तिनं पदर डोक्यावर घेतला. बराच वेळ ती नुसते ओठ हलवत होती. मग तिनं नाव घेतलं. हळूच, शेजारी बसलेल्या माणसाला हाक मारावी तसं.

"ओ."

आवाज त्याचाच होता. शेवटाला थोडा लांबवलेला. माझ्या घरी जेवायला बोलावलं की तो तसाच ओ द्यायचा. काठावरचं एकही माणूस वळलं नाही. आवाज त्यांच्या पुढून, पाण्याकडून आला होता.

मला वाटलं, ती धावेल. मी तिचा दंड धरला. पण ती जागची हलली नाही.

"बाई," ती म्हणाली, "त्यानं एकाच हाकेले ओ दिली."

मी तिचा दंड सोडला. दुसरी हाक तिनं मारली नाही. कणीसवाल्या बाईनं दोन कणसं लिंबू-मीठ लावून पुढं केली. ती आम्ही तिथंच उभ्यानं खाल्ली. माझा हात थरथरला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, "सासऱ्याले फोन कर. म्हणावं, पुतळ्याची पानं मीच तोडीन."