हात कुणाला दाखवायचा?

आमच्या घरासमोरचा रस्ता ओलांडायची रीत एकच: हात वर करायचा, ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं आणि चालू लागायचं. गुडघे धरून चालणारी माझी बायको आज भाजी घेऊन तशीच आली. टेम्पोवाला "काकू, उरका जरा" म्हणून करवादला, पण थांबला.

लेक म्हणाली, "आई, आता बिनड्रायव्हरच्या गाड्या येतील. त्या चुकत नाहीत."

"मग हात कुणाला दाखवू?"

"कॅमेऱ्याला."

"तो करवादेल का?"

लेक गाडी चालवते तेव्हाही शेजारी बसून पायाने खोटा ब्रेक दाबणारा मी. बिनड्रायव्हरची गाडी ऐकूनच वैतागलो.

संध्याकाळी बायकोसोबत रस्त्यात उतरलो, हात वर केला. रिक्षावाला कचकन थांबून खेकसला, "आजोबा, घरी बसा की."

आजोबा म्हटल्याचा राग आला. पण त्याने आम्हाला पाहिलं होतं.